माझ्यापाशी न्हाई

सरांचा चष्मा हरवला की आमच्या ऑफिसात शांतता पसरायची. इतर कुणाचा हरवला असता तर त्याने 'अरे, माझा चष्मा कुणी पाहिला का' म्हणून सगळ्यांची टेबलं उचकली असती. सर तसं कधीच करत नसत. खुर्चीत मागे रेलायचे, डोळे मिटायचे, ओठांतल्या ओठांत तेलुगूत काहीतरी मोजायचे आणि मग उठून आमच्यापैकी नेमक्या एकाच्या टेबलाशी जाऊन हळूच विचारायचे, "तुझ्यापाशी हाय का?"

बहुतेक वेळा चष्मा तिथंच असायचा. नसला, तरी समोरच्याला नुसतं 'नाही' म्हणायची सोय नव्हती. 'नाही' म्हटलं की सर तिथंच खांबासारखे उभे.

"न्हाई म्हंजे? जगात न्हाई?"

मग त्याने सावरून म्हणायचं, "माझ्यापाशी नाही, सर."

"हां. असं बोलावं मानसानं." एवढं म्हणून ते पुन्हा खुर्चीत जाऊन डोळे मिटत.

नव्या माणसाला हा सगळा प्रकार वेडाचा वाटे. मलाही वाटला होता. मी बिलोलीहून नांदेडला, नांदेडहून लातूरला असा शिकत शिकत आलेलो, हातात कंप्युटरची ताजी पदवी, आणि पहिल्या नोकरीत वरिष्ठ म्हणून मिळाले ते हे. ट्यूशन एरियात टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खाली टायर, वर आम्ही, आणि चहूबाजूंनी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली पोरं. सगळ्या मराठवाड्याने आपापली हुशार लेकरं लातुरात आणून टाकली होती म्हणा ना. भिंती दिसायच्या नाहीत, नुसते फोटो. पहिल्या आलेल्यांचे.

सर मूळचे देगलूरचे. त्यामुळे त्यांचा हिशेब तेलुगूत, राग दखनीत आणि शिकवणं मराठीत. आधी शाळेत विज्ञान शिकवायचे, मग नोकरी सोडली आणि स्वतःच्या जिवावर कंप्युटर शिकले. डावखुरे होते, म्हणून शर्टाचा खिसा उजवीकडे लागायचा. असा शर्ट लातुरातला कुठलाही शिंपी शिवून देईल, पण नाही. शर्टाला ते अंगी म्हणायचे आणि अंगी देगलूरच्याच शिंप्याकडे शिवायची, त्यासाठी एस.टी.ने अख्खा दिवस घालवायचा. आम्ही हसायचो. "त्याला इचारावं लागत न्हाई, सांगावं लागत न्हाई. मी म्हंजे उजवा खिसा, एवढं त्याच्या डोक्यात फिट हाय," असं ते अभिमानाने सांगत.

माणसांना नावाने हाक मारणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. माझं टेबल खिडकीशी, म्हणून मी 'खिडकी'. हिशेब बघणाऱ्या बाई सतत पंख्याखाली बसत, त्या 'पंखा'. बाईंनी एकदा रागावून विचारलं की, सर, मला आईबापांनी चांगलं नाव ठेवलंय ते कशासाठी? तर सर शांतपणे म्हणाले, "नाव आईबापाला उपेगी पडतं. मला तुमी कुटं सापडताव ते पायजे."

याचं प्रात्यक्षिक मी लातूरच्या स्टँडवर पाहिलं. आम्ही दोघं औशाच्या गाडीची वाट बघत होतो. कर्ण्यावरून एक हरवलेल्या लहान पोरीचं नाव पुकारत होते. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं साग्रसंगीत, पुन्हा पुन्हा. खाली तिची आई पदर तोंडात धरून उभी. सर थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग एकदम उसळून पुकारणाऱ्याच्या खिडकीशी गेले. "काइकू चिल्लाता रे? नाव मालूम हाय ते आईला. बाकीच्या स्टँडाला ती पोरगी कोन हाय?" आणि आईकडे वळून, "माय, अंगात काय हाय तिच्या?" आई म्हणाली, पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल न्हाई. कर्ण्यावरून 'पिवळा फ्रॉक, एकच चप्पल' एवढं पुकारलं मात्र, आणि रसाच्या गाड्यावरचा माणूस पोरीला खांद्यावर घेऊन आला. तिला तो मघापासून रस पाजत होता. नाव त्यानेही ऐकलं होतं, पण पोरीला आपलं आडनाव थोडंच सांगता येत होतं!

औशाची गाडी तेवढ्यात निघून गेली. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

आता आमच्या कामाबद्दल सांगतो, कारण सरांचं वेड आणि आमचं काम यांत फरक करणं पुढे मला कठीण जायला लागलं. लातूर-नांदेडच्या शिकवण्या दर आठवड्याला पेपर घेतात. त्या पेपरांतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं आम्ही साठवायचो. पोराला एखादा प्रश्न अडला की त्याने त्यातले चार शब्द मोबाइलवर टाकायचे, आणि आम्ही तो प्रश्न सोडवलेला शोधून दाखवायचा. प्रश्न इतके की एका मशीनमध्ये मावेनात, म्हणून ते तुकडे करून बऱ्याच मशीनवर ठेवलेले. आमच्या धंद्यात त्या तुकड्याला शार्ड म्हणतात. सर कणगी म्हणायचे, ज्वारी साठवायची ती. मी सुरुवातीला लाजायचो, पण बाहेरच्या माणसाला समजावताना माझ्याही तोंडून कणगीच निघायला लागलं.

अडचण अशी होती की, कुठला प्रश्न कुठल्या कणगीत आहे हे आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं. पोराने काहीही विचारलं की ते सगळ्या कणग्यांना विचारलं जायचं. सगळ्यांनी झाकणं काढायची, चाळायचं, आणि सगळ्यात मंद मशीनचं चाळून होईपर्यंत पोराने ताटकळायचं. एरवी चालून जायचं. पण मोठी परीक्षा जवळ आली की सगळं लातूर एकदम विचारायला लागायचं आणि मशीनी धापा टाकत बंद पडायच्या.

"सगळ्याला इचारनं म्हंजे कुनालाच न इचारनं," सर म्हणाले. "इचारायच्या आदीच कळाया पायजे, कुनाला इचारायचं."

मी दोन दिवस बसून तोड काढली. प्रत्येक प्रकरणाची कणगी वेगळी. उष्णता इकडे, प्रकाश तिकडे, सेंद्रिय रसायन पलीकडे. विचारताना पोराने प्रकरण निवडायचं की आम्ही नेमकी तीच कणगी उघडू. मला माझं फार कौतुक वाटलं. सरांनी 'चांगलं' किंवा 'वाईट' असं काहीच म्हटलं नाही. "पेपर देनारं एखादं लेकरू आन," एवढंच म्हणाले.

माझ्या हाताशी लेकरू होतंच. माझी धाकटी बहीण सुजाता तेव्हा लातूरलाच शिकवणीला होती. आमचे बाबा बिलोलीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आमची दोघांची प्रगतिपुस्तकं ओळीने लावलेली असत, आणि 'सुजाता आपल्या वस्तीतली पहिली डॉक्टर होणार' हे बाबांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतकं सांगून ठेवलं होतं की लोक तिला आधीच डोकेदुखीची गोळी विचारत. ती मेसचा डबा घेऊनच ऑफिसात आली. मशीनपुढे बसली, अडलेल्या प्रश्नाचे शब्द टाकले, आणि प्रकरण निवडायची पाटी आली तशी थांबली.

"दादा, इथं काय टाकू?"

"प्रकरण टाक की."

"प्रकरण माहीत असतं तर प्रश्न अडला कशाला असता?"

सर टेबलावर हात आपटून असे हसले की खालचा टायरवाला बघायला वर आला. "बगा! ठेवनाऱ्याला मालूम हाय त्या नावानं आपून ठेवून राहिलो. शोधनाऱ्याला ते नावच मालूम न्हाई! मालूम असतं तर शोधलंच कामून असतं?"

माझे दोन दिवस पाण्यात गेले. सरांनी तिथंच सुजातासमोर खुर्ची ओढली आणि तिला विचारलं की, तुला हा प्रश्न भेटला तेव्हा तुझ्याजवळ त्याच्याबद्दल काय काय होतं? ती म्हणाली, काहीच नाही, आमच्या बॅचच्या रविवारच्या पेपरात होता एवढंच. "एवढंच लागतंय," सर म्हणाले. शिकवणी आणि बॅच. प्रत्येक पोर मोबाइलवर आत शिरतानाच आम्हाला ते कळत होतं, त्याला विचारायचीही गरज नव्हती. प्रश्न ठेवताना शिकवणी आणि बॅच यांच्यावरून कणगी ठरवायची, आणि शोधताना तोच हिशेब पुन्हा करायचा की पावलं आपोआप त्याच कणगीशी जातात. मग बोलता बोलता तिने डबा उघडला. भाकरीच्या कडा काळ्या करपलेल्या. मला वाटलं मेसवाल्या मावशींचा तवा बिघडला, तर म्हणाली, नाही, मी सांगून करपवून घेते, बाकी सगळ्या मुली पोळी खातात. सरांनी न विचारता एक कड मोडून घेतली. दोघं मिळून ती करपट भाकर अशी कुरकुरत खात बसले की मला माझ्याच बहिणीच्या डब्यात परक्यासारखं वाटलं.

ती युक्ती चालली. त्या वर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आमची एकही मशीन पडली नाही. मी दिवसभर पडद्यावर बघत बसायचो. प्रश्न यायचा आणि एकाच कणगीचं झाकण उघडायचं, बाकीच्या निवांत. सांगायला साधी गोष्ट आहे, पण मला त्या वेळी अंगावर काटा यायचा, आणि आजही, याहून शेकडो पटींनी मोठ्या यंत्रांवर काम करताना, येतो.

मालकांशी मात्र सरांचं वाजलं. आमचे मालक भला माणूस, त्यांना सगळं नीटनेटकं लागायचं. प्रश्न मिळाला नाही तर पडद्यावर 'सापडले नाही' असं यावं, असं त्यांचं म्हणणं. सरांनी तिथं लिहून ठेवलं होतं, 'या कणगीत नाही. थांबा, बाकीच्यांना विचारतो.' आणि खरोखरच त्यानंतर बाकीच्यांना विचारलं जायचं, वेळ लागला तरी. मालक म्हणाले, हे काय गावठी, पुण्याची माणसं बघतील तर हसतील. सर म्हणाले, "हासू द्या. एका कणगीत हात घालून 'सापडलं न्हाई' म्हननं हे खोटं हाय." मालक म्हणाले, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. सरांनी टेबलावरचा चष्मा उचलून उजव्या खिशात ठेवला आणि दखनीत म्हणाले, "नक्को. मग मी बी नक्को." आणि जिना उतरून गेले.

मी मागोमाग धावलो. ते कोपऱ्यावर चहाच्या टपरीपाशी बशीत चहा ओतत बसले होते. एवढ्याशा गोष्टीसाठी नोकरी सोडता का सर, असं मी जरा चिडूनच विचारलं. तेव्हा त्यांनी भूकंपाचं सांगितलं. कुठलीही प्रस्तावना न करता, बशीकडे बघत.

भूकंप झाला तेव्हा ते नुकतेच शाळेत लागलेले. सकाळीच ट्रकांतून, जीपांतून जखमी माणसं यायला लागली, तसे ते आणि आणखी काही तरुण शिक्षक एका दवाखान्याच्या फाटकाशी मदतीला उभे राहिले. व्हरांड्यात माणसं कशीही निजवलेली, नातेवाईक येऊन प्रत्येकाच्या तोंडावरचं पांघरूण काढून बघत होते. सरांनीच सुचवलं की गावागणिक रांगा करू. आलेल्याला गाव विचारायचं आणि त्या रांगेत निजवायचं. मग शोधायला येणाऱ्याने गाव सांगितलं की नेमकी एकच रांग बघायची. "लई भारी चाललं. लोकं झटक्यात आपली मानसं गाठू लागली. मला वाटलं, आपून काय अक्कल लढवलीया."

दुपारी एक म्हातारा आला. सुनेला शोधत होता, नवी सून, त्याच वर्षी घरात आलेली. घरातलं बाकी कुणी राहिलं नव्हतं. गाव सांगितलं. सरांनी त्या गावाची रांग नीट बघितली. दोनदा बघितली. आणि म्हणाले, "न्हाई, बाबा." म्हातारा हात जोडून, दुसऱ्या गावचे दवाखाने बघतो म्हणून, निघून गेला.

"ती तिथंच होती," सर म्हणाले. "पल्याडच्या रांगेत. शुद्धीत न्हवती धड. गाव इचारलं तर पोरीनं माहेरचं सांगितलं होतं. नवी नवरी, तिला 'तुझं गाव' म्हन्लं तर दुसरं काय आठवंल? सांजच्याला मी तिथून चाललो तर ती सिस्टरला इचारून राहिली, मामंजी आले का म्हनून."

ते त्या म्हाताऱ्याला शोधायला बाहेर पडले. उमरग्याला गेले, सोलापूरला गेले. म्हातारा जिथून निघायचा तिथं सर पोचायचे. त्याला घेऊन परत आले तोवर पोरगी गेली होती.

त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत.

"मी खोटं बोललो न्हवतो रे. त्या रांगेत ती न्हवतीच. पर मी 'न्हाई' म्हन्लो. 'ह्या रांगेत न्हाई' एवढं म्हन्लो असतो ना, तर म्हाताऱ्यानं इचारलं असतं, मग दुसऱ्या रांगा बगू का? त्यो थांबला असता."

मी वर जाऊन मालकांना जसंच्या तसं सांगितलं. ते वाक्य पडद्यावर तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सरही आले, आले तेच चष्मा शोधायला लागले.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. शिकवणीत दर महिन्याला पेपरच्या मार्कांवर बॅच बदलायच्या. सुजाता वरच्या बॅचमधून एकदम खालच्या बॅचमध्ये गेली. मला हे माहीत नव्हतं. मला कळलं ते संध्याकाळी, वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला तेव्हा. दुपारपासून मुलगी खोलीवर नाही, मोबाइल उशीखाली ठेवून गेली आहे. लातुरात राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. अशा बातम्या आम्ही वाचायचो आणि पान उलटायचो.

मी मिळेल त्याला फोन लावत सुटलो. शिकवणीत, तिच्या मैत्रिणींना, नांदेडच्या मावशीला, चाकूरच्या चुलतभावाला, मेसमध्ये, पुन्हा वसतिगृहात. बाबांना कळलं तसे ते जीप करून निघाले, आणि वाटेतून तेही त्याच माणसांना फोन करू लागले. ज्याला लावावा त्याचा फोन दुसऱ्या कुणाशी तरी, तिच्याचबद्दल बोलण्यात गुंतलेला. सगळीकडून एकच उत्तर, नाही, नाही, नाही.

सरांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"किती जनाला इचारलास?"

"सगळ्यांना, सर."

"म्हंजे कुनालाच न्हाई. बस खाली."

मला त्यांच्या कानफटात मारावीशी वाटली. खरंच वाटली. पण बसलो. त्यांनी डोळे मिटले आणि मोजायला लागले. ओकटी, रेंडू, मूडू. पंख्याचा आवाज येत होता आणि पंख्याखालच्या बाई तोंडाला रुमाल लावून उभ्या होत्या.

"तुझ्या ह्या सगळ्या लोकांत," डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "तिला मार्क न इचारनारं कोन हाय?"

मी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की कुणीच नाही. मैत्रिणी विचारतात, मावशी विचारते, चुलतभाऊ विचारतो. वसतिगृहाचा वॉचमनसुद्धा गेट उघडताना विचारतो. मीही भेटलो की आधी तेच विचारायचो. सगळ्या लातुरात, जिला मार्कांशी देणंघेणं नाही अशी एकच बाई उरत होती.

"मेसच्या मावशी. पण त्यांना विचारलं, सर. नाही म्हणाल्या."

"काय म्हनून इचारलास?"

"बिलोलीची सुजाता आली का म्हणून."

सरांनी डोळे उघडले. "ती पोरीला सुजाता म्हंती का?" असं विचारून उत्तराची वाट न बघता ते जिना उतरायलाही लागले होते.

त्यांच्या जुन्या मोपेडवर मागे बसून मी कसा गेलो ते मला आठवत नाही. मेस म्हणजे एका बोळातल्या दोन खोल्या, दारात डब्यांची चळत आणि स्टोव्हचा भणभणाट. मावशी भाकरी थापत होत्या. सर उंबऱ्यातूनच म्हणाले, "माय, करपल्या भाकरीची पोरगी आज आल्ती का?"

"करपीवाली व्हय? हाय की आत," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "दुपारधरनं शेंगा फोडून राहिली. जेव म्हन्लं तर जेवना, जा म्हन्लं तर जाईना. म्हन्लं बस बाई."

"मावशी, मी मघाशी फोन केला तेव्हा तुम्ही नाही म्हणालात!" मी ओरडलोच.

"तुमी कुन्या सुजाताला इचारून राहिला होता. माझ्याकडं सुजाता-बिजाता न्हाई बापा. बिनमिठाची हाय, दोन पोळीवाली हाय, करपीवाली हाय."

मी आत गेलो. सुजाता भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात शेंगांचा ढीग. मला बघून ती उठली नाही, रडलीही नाही.

"इथं कुणी मार्क विचारत नाही, दादा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "आधी रुळाकडं गेले होते. तिथं बसले होते खूप वेळ. मग भूक लागली."

मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. सर आत आले, मांडी घालून तिच्यासमोर बसले आणि शेंगा फोडायला लागले, डाव्या हाताने, भराभर. मावशींनी एक करपलेली भाकर आणून मधे ठेवली.

"बॅच खालची मिळाली?" सरांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"पेपर काय म्हन्ला तुला?"

"नाही म्हणाला. जमणार नाही म्हणाला."

"खोटं बोलला त्यो," सर म्हणाले. "पेपराला एवढंच म्हनायचा हक हाय, 'माझ्यापाशी न्हाई.' त्याच्यापाशी न्हाई, ठीक हाय. त्यो काय सगळं जग हाय व्हय? एका कणगीत हात घालून न्हाई सापडलं. बाकीच्या कणग्या हायत ना, माय. आपून थांबू आन् बाकीच्यांना इचारू."

तेव्हा ती रडली. सरांनी भाकरीची कड मोडून तिच्या हातात दिली, आणि मला म्हणाले, "बापाला एक फोन लाव. एकच." बाबा तेव्हा अहमदपूरच्या अलीकडे पोचले होते. मी 'सापडली' म्हटलं, आणि पलीकडे जीप थांबल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून मला सरांचं वेड हे वेड वाटलं नाही. मी देव मानत नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. पण बोळातल्या त्या खोलीत शेंगा फोडत बसलेला तो माणूस बघताना मला काय वाटलं त्याला दुसरा शब्द माझ्यापाशी नाही.

पुढे आमची कंपनी पुण्याच्या लोकांनी घेतली आणि मी हैदराबादेत नोकरीला लागलो. सरांनी पुण्याला जायला नकार दिला आणि एक दिवस नंबरही बंद झाला. वर्षं गेली. सुजाता डॉक्टर झाली नाही. परिचर्या शिकली, नांदेडला नोकरीला लागली, आणि बाबांनी तिचा गणवेशातला फोटो तसबिरीखाली लावला. त्यांना वाईट वाटतंय की बरं, हे मी विचारलं नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्या वॉर्डाबद्दल ते आता इतकं सांगतात की आई उठून आत जाते.

मागच्या दिवाळीनंतर मी गावाहून हैदराबादेला परत निघालो होतो, तर सुजाताने माझ्या हातात एक डबा दिला. "सरांना शोध आणि दे," म्हणाली. कुठे शोधू, विचारलं तर म्हणाली, "ते मला कशाला विचारतोस? तू त्यांच्या हाताखाली शिकलास ना?"

मी देगलूरच्या स्टँडवर उतरलो आणि समोर दिसला त्या पहिल्याच चहाच्या गाड्यावर गेलो. सरांचं पूर्ण नाव सांगितलं. आधी मास्तर होते, मग लातूरला कंप्युटरचं काम करायचे, असंही सांगितलं. चहावाल्याने गाळणी झटकली, डोळे बारीक करून जरा विचार केला आणि म्हणाला, "माझ्यापाशी न्हाई, साहेब. असं करा, त्या वळनावर शिंपी हाय, त्याला इचारा. मास्तर लोकं त्याच्याकडं बसत्यात."

माझा चहा हातातच राहिला. मी आजवर कितीतरी गावांत पत्ते विचारले आहेत. माणसं 'नाही' म्हणतात, 'मालूम न्हाई' म्हणतात, हात हलवतात. 'माझ्यापाशी न्हाई' असं पत्त्याबद्दल कुणीही म्हणत नाही. तसं म्हणायला माणसाला कुणीतरी शिकवावं लागतं, पुन्हा पुन्हा, उभं करून. आणि शिकवणारा रोज त्याच्याकडे चहा पीत असावा लागतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना.

"कामून हासून राहिलाव?" चहावाला म्हणाला.

"काही नाही. सापडले."

वळणावरच्या शिंप्याला विचारलं तर त्याने मशीन न थांबवता कात्रीने आत दाखवलं. कापडाच्या गठ्ठ्यावर सर बसले होते. केस पांढरे झालेले, अंगात उजव्या खिशाची अंगी, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले.

"आलास का, खिडकी?"

मी पाया पडलो आणि डबा पुढे केला. त्यांनी तो मांडीवर घेतला, पण उघडला नाही. माझ्याकडे रोखून बघत राहिले.

"किती जनाला इचारलास?"

"दोघांना, सर. स्टँडावरचा चहावाला, आणि हे."

त्यांनी शिंप्याकडे बघितलं, मग डाव्या हाताने आपला उजवा खिसा चाचपला.

"एक जादा झाला," ते म्हणाले आणि डबा उघडून करपलेली कड मोडली.